मदत हवी आहे: स्टेरॉइडने सांध्यांची सूज उतरते, मग डोस कमी करताच परत का येते?

आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. पाच आठवड्यांपूर्वी मेथोट्रेक्सेट सुरू झालं, आठवड्यातून एकदा. सोबत रोज सकाळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, 10 मिलिग्रॅम. तिसऱ्याच दिवशी तिने स्वतःची वेणी स्वतः घातली! त्याआधी दोन महिने मी घालून देत होते. आता डॉक्टरांनी डोस 5 वर आणलाय आणि सकाळी बोटं पुन्हा आखडायला लागलीत. "जी गोळी लागू पडली, तीच का काढतात?" असं ती विचारते आणि मला उत्तर देता येत नाही.

वाचून एवढं कळलं: स्टेरॉइड पेशीत शिरून रिसेप्टरला (त्याला पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, ती जोडी केंद्रकात जाऊन एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला अडवते. सूज आणणारी जनुकं हेच प्रथिन चालू करतं. ते अडलं की टीएनएफ, आयएल-1, आयएल-6 हे सूज वाढवणारे निरोप्या रेणू कमी बनतात. मग एकदा अडवल्यावर पुन्हा सुरू कसं होतं? आणि सांधे वाचवणारं औषध हाडं ठिसूळ का करतं? कृपया कुणीतरी समजावून सांगा.

प्रतिसाद:
ताई, तुम्ही बरोबर वाचलंय. एनएफ-कप्पा-बी म्हणजे सुजेचं बटण समजा. फक्त ते बटण कायमचं बंद होत नाही, दाबून धरलेलं असतं. बोट सैल केलं की वर येतं. सांध्याच्या अस्तरावर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला आतून चालूच असतो. तो आवरायचं काम मेथोट्रेक्सेटचं, आणि त्याचा गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात. तेवढे दिवस स्टेरॉइड निभावून नेतं.

हाडांचं म्हणाल तर तोच रिसेप्टर शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो, हाड बांधणाऱ्या पेशींतही. सांध्यात हवा तो परिणाम, हाडात नको तो. 1948 मध्ये अमेरिकन डॉक्टर फिलिप हेंच यांनी याच आजारात कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं तेव्हा अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले, 1950 मध्ये नोबेलही मिळालं. पण जास्त डोस लांबत गेले तसे दुष्परिणाम दिसू लागले.

एक कळकळीने सांगतो, गोळी मनाने एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना आपली अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडावरची, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी) सुस्तावते, तिला जागं व्हायला वेळ लागतो.

धागाकर्ती:
मनापासून आभार. बटणाचं आईला लगेच पटलं. बोटं किती वेळ आखडलेली राहतात ते आता घड्याळ लावून लिहून ठेवतेय, आज 35 मिनिटं. तिला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलेलं नाही. पुढच्या भेटीत विचारू ना?