मदत हवी आहे : आडव्या बाटलीसाठी मतदान, पण निम्म्या बायका ऊसतोडीला

नमस्कार मंडळी. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. एसटी स्टँडला लागूनच देशी दारूचं परवानाधारक दुकान आहे. शाळेतनं येणाऱ्या पोरी तिथं आल्या की ओढणी तोंडावर घेऊन पळतच रस्ता ओलांडतात. आमच्या बचत गटाच्या बायकांनी आता दुकान बंद करायचं मनावर घेतलंय.

नियम असा, की गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन द्यायचं, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. सह्या होतील, ती काळजी नाही. घोडं अडलंय ते पुढं. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात ती एकूण महिला मतदारांच्या, आलेल्यांच्या नव्हे. म्हणजे जी आली नाही, तिचं मत आपोआप दुकानदाराला! दिवाळीनंतर आमच्या निम्म्या बायका कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. शिवाय सासरी गेलेल्या, वारलेल्या, सगळ्यांची नावं यादीत तशीच.

तर विचारायचं हे :

मतदानाआधी यादीतली ही नावं कमी करून घेता येतात का? कुणी करून घेतली असतील तर किती दिवस लागले?

मतदान गुढीपाडव्यानंतर, बायका परतल्यावर ठेवा, अशी विनंती कुणी केली होती का? ऐकली का?

गावठी हातभट्टीवाल्याचं सांगू नका, तो पोलिसांचा विषय, वेगळा लढतोय. ज्यांच्या गावात बाटली आडवी झालीय त्यांनी अनुभव जरूर लिहा. निवेदनाचा नमुना असेल तर फार बरं.