पखवाज : तिटकत गदिगन ठाय (संथ) लयीत साफ, लय वाढली की गुंता

कुडाळ_मृदंग : गणपतीत भजनाला साथ करायची आहे. मात्रेत चार अक्षरं धरून 'तिटकत गदिगन' सलग वाजवतो. मिनिटाला ६० मात्रांवर साफ येतं. ९० च्या पुढे मात्र चार-पाच वेळा वाजलं की 'ट' गायब होतो आणि उजवा हात आखडतो. रियाज ६० वरच चालू आहे. लय अजून खाली आणू की थोडी थोडी वाढवत नेऊ?

चाट_शाई : आधी बोल हातांत मांडून बघा. ति-ट उजवा, क डावा, त उजवा, ग डावा, दि उजवा, ग डावा, न उजवा. एकदाच वाजवलं तर सोपं आहे. पण सलग वाजवताना 'न'ला लागून पुन्हा 'तिट' येतं, म्हणजे उजव्या हाताला ओळीने तीन आघात, आणि त्यातच चाटेवरून (कडेची पट्टी) शाईवर (मधला काळा भाग) यायचं. 'ट' बहुतेक तिथेच पडतो. पूर्ण बोल घोटत बसू नका. फक्त 'गन तिट' घ्या, ५० मात्रांवर पाच मिनिटं, 'न' आणि 'ति' यांतलं अंतर अगदी सारखं ठेवून. मग मागे-पुढे एकेक जोड लावा : 'गदिगन तिटकत'. निकास (बोल हाताने काढायची पद्धत) घराण्यागणिक थोडा बदलतो, तुमच्या गुरुजींचा असेल तोच ठेवा.

देवगड_ठेका : वरचं पटलं, पण ६० वर साफ येतं म्हणजे नेमकं काय, तेही तपासा. ठाय लयीत वेळ भरपूर असतो, म्हणून हात वीतभर उचलला तरी खपतं. ९० ला तेवढा उचलायला जागाच नसते, मग खांदा-कोपर मदतीला धावतात आणि हात आखडतो. लय कमी, पण हालचाल द्रुतचीच (जलद लयीचीच) ठेवा : 'तिट'ला पंजा शाईपासून दोन बोटांपेक्षा वर जाऊ नये. मोबाईल पुडीच्या (वाजवायच्या कातड्याच्या) उंचीला, बाजूने ठेवून चित्रण करा, लगेच दिसेल.

आणि नुसत्या ठाय लयीने द्रुत येत नाही, हेही खरं. ६० वर चालू असताना मध्येच फक्त 'तिटकत' १०० च्या गतीने टाका आणि दोन मात्रा थांबा. मग 'गदिगन' तसंच. तुकडे सुटे बसले की जोडा. एका वेळी ४ मात्रांनीच लय वाढवा, दोन पायऱ्या चढलात की एक उतरा.

बुवांचा_साथी : पढंत करता का? हाताने चौताल (बारा मात्रांचा ताल) धरा, टाळी १, ५, ९, ११ वर, खाली (टाळी न देता हात बाजूला) ३ आणि ७ वर, आणि ४० मात्रांवर बोल तोंडाने म्हणा. ४० ला एका मात्रेपासून दुसरीपर्यंत दीड सेकंद जातो, तिथे भले भले पुढे पळतात. तोंडात 'ट' गिळला जात असेल तर हातातही जाणारच.

कुडाळ_मृदंग : 'गन तिट' करून बघतंय. अजून एक : पावसात उजवी पुडी बसते, आवाज मऊ येतो. त्याचा संबंध असेल का?

चाट_शाई : आहेच की. दमट हवेत कातडं सैल पडतं, 'न' बोलत नाही, म्हणून नकळत जोर वाढतो आणि मनगट कडक होतं. आधी पुडी जरा गरम हवेत सुकवा, मग लागेल तेवढंच हातोडीने गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) ठोकून चढवा. ओलसर असतानाच खूप चढवलीत तर हवा कोरडी होताच कातडं आणखी ताणतं आणि चाटेला चीर जाऊ शकते.

डाव्या पुडीवर लावलेली कणीक पंख्याखाली वाळते, मग 'ग' चढा लागतो. मधूनमधून पाण्याचं बोट फिरवा, आणि वाजवून झालं की खरवडून काढा, आपल्याकडच्या हवेत रात्रभर ठेवली तर बुरशी धरते.

देवगड_ठेका : सुकवताना हेअर ड्रायर हातभर लांब आणि हलता ठेवा. शाईवर एकाच जागी धरलात तर ती तडकते.