वॉर्डातले निर्णय सिस्टरच्या हातात कसे आणायचे?

इनचार्ज_नाशिक:
मी खाजगी हॉस्पिटलमध्ये मेडिकल वॉर्डची इनचार्ज आहे. पेशंट स्वतः चालत बाथरूमला जाऊ शकतो, युरिन कॅथेटरची (लघवीच्या नळीची) गरज संपलीय हे दिसत असतं, तरी ऑर्डर नाही म्हणून सकाळच्या राउंडपर्यंत ते तसंच, आणि इन्फेक्शनचा धोका रोज वाढतो. ग्लोव्हज कुठले घ्यायचे तेही परचेसवाले ठरवतात, वापरतो आम्ही! मॅनेजमेंटशी बोलायचंय, सुरुवात कुठून करू?

आयसीयूवाला:
सिस्टर, कॅथेटरपासूनच करा. निकष लेखी हवेत. लघवी तासातासाला मोजायची नसेल, आधी लघवी अडकलेली नसेल, युरॉलॉजीवाल्यांनी मुद्दाम ठेवलेलं नसेल, तर सिस्टरने न विचारता काढायचं आणि नोट्समध्ये टाइम टाकायचा. काढल्यावर 4 ते 6 तासांत लघवी झाली नाही तर पुढे काय तेही कागदावर. सगळ्या कन्सल्टंटच्या सह्या घ्या, तोंडी परवानगीवर अजिबात जाऊ नका, काही झालं की ती कोणालाच आठवत नाही आणि सगळं सिस्टरवर येतं.

लीड्सकर:
मी इंग्लंडमध्ये स्टाफ नर्स आहे. इथे पेशंटची तब्येत बिघडतेय का ते ओळखायला न्यूज-2 चार्ट असतो, श्वास, ऑक्सिजन, बीपी, पल्स, शुद्ध, टेंपरेचर सगळ्याला मार्क, बेरीज 5 झाली की डॉक्टरला अर्जंट बोलवायचं, 7 ला इमर्जन्सी टीम. कधी बोलवायचं हे आधीच ठरलेलं असल्यामुळे नवीन मुलगीसुद्धा रात्री न घाबरता फोन करते. वेगळा कोर्स केलेल्या नर्सेस तर 2006 पासून बहुतेक सगळी औषधंसुद्धा स्वतः लिहून देतात.

सरकारी_स्टाफ:
चांगलंय, पण रात्री पूर्ण वॉर्डाला एकच सिस्टर असेल तर चार्ट भरणार कोण? अधिकार मागताना माणसं पण मागा, नाहीतर नुसती जबाबदारी वाढते. आणि पेशंटजवळ चोवीस तास कोण असतं हे कोर्टालाही कळलंय, अरुणा शानबाग (मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचीच नर्स, हल्ल्यानंतर अनेक वर्षं तिथेच अंथरुणाला खिळलेली) केसमध्ये 2011 ला सुप्रीम कोर्टाने तिच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या स्टाफचाच मानला, इतकी वर्षं तिला सांभाळलं होतं त्यांनी. आमच्या मुलींना हे माहीतच नसतं, सांगायला पाहिजे.

इनचार्ज_नाशिक:
थँक्यू सगळ्यांना. इन्फेक्शन कंट्रोल कमिटीत आमची एक सिस्टर आहे, पुढच्या मीटिंगला तिच्याकडूनच कॅथेटरचा विषय ठेवते, रात्रीच्या स्टाफचाही सोबतच. आयसीयूवाले डॉक्टर, तुमच्याकडच्या कॅथेटर काढायच्या निकषांचा नमुना इथे टाकाल का?