मदत हवी आहे: नकाशात आमचं शिवार लाल अन् तलाव काळा, म्हणजे काय?

बोडीकाठ
उद्या सकाळी जमिनीचा सौदा आहे अन् घेणारा म्हणते आधी नकाशाचं सांगा. ग्रुपवर कोणीतरी रेडिओअॅक्टिव्हिटीचा नकाशा टाकला, त्यात आमचं शिवार लालभडक, मामा (माजी मालगुजारी) तलाव एकदम काळा. अर्धं गाव म्हणून राहिलं नकाशासाठी जे हेलिकॉप्टर फिरलं ते युरेनियमसाठीच. खरं का? लवकर सांगा.

दगडफोड्या
जिल्हा कोणता? लाल म्हणजे नुसता टोटल काउंट, म्हणजे सगळी किरणं मिळून, का तीन मूलद्रव्यांचा तीन रंगांचा नकाशा? खालची पट्टी कापून फोटो टाकता अन् उत्तर लवकर पायजे.

बोडीकाठ
गोंदिया, अर्जुनी मोरगावकडे. कोपऱ्यात त्रिकोण आहे, के, टीएच, यू लिहिलेलं.

कपाशीवाला
पोटॅश टाकता ना धानाले? त्याच्यानंच लाल दिसत असन.

दगडफोड्या
काहीही काय भाऊ. पोत्यात पोटॅशियम 25 किलो. एकराच्या फूटभर मातीत 2 टक्के जरी धरलं तरी 35 टनांच्या वर जाते. तुमचं पोतं वरून काय दिसन!
@बोडीकाठ, त्रिकोणाचं लाल टोक के कडे आहे का ते पाहा, बहुतेक असतंच. के म्हणजे पोटॅशियम, टीएच थोरियम, यू युरेनियम; पोटॅशियमही थोडी किरणं सोडतेच. तुमच्याकडं खाली ग्रॅनाइट अन् नीस (पट्ट्यापट्ट्यांचा दगड), त्यातला गुलाबी फेल्डस्पार म्हणजे पोटॅशियमवालं खनिजच. आमच्या अमरावतीकडं बेसाल्ट, तिथं तिन्ही कमी. युरेनियम तर थेट मोजतच नाहीत, त्याच्या साखळीतल्या बिस्मथ-214 चे 1.76 एमईव्हीचे (एमईव्ही म्हणजे किरणांच्या ऊर्जेचं माप) किरण मोजून अंदाज काढतात, पोटॅशियमचे 1.46 वर येतात. तेही फूट-दीड फूट मातीतलेच, खाली काय आहे ते कळत नाही. तलाव काळा कारण पाणी किरणं गिळते, बाकी काही नाही.

मास्तर_साकोली
बोअरच्या पाण्यात फ्लोराइड तपासून घ्या आधी. आमच्याकडं पोरांचे दात पिवळे झाले.

दगडफोड्या
सर, पाण्याचं विचारलं कोणी?

मास्तर_साकोली
विचारलं नाही म्हणून सांगू नाही का? त्याच ग्रॅनाइटमधून येते ते, तुमच्याच दगडाची गोष्ट करून राहिलो.

कपाशीवाला
मंग तुरीसाठी पोटॅश बंद करू का मी?

बोडीकाठ
पाह्यलं, लाल टोकाले के च आहे. घेणाऱ्याले सगळं समजावून सांगितलं, तर आता म्हणते मले ती काळी जागाच द्या, तिथं सगळं कमी आहे. तलाव सरकारी आहे हे कोण सांगन त्याले?

कपाशीवाला
एकरी काय भाव लावला?