क्वीनची कॅसेट विलायतेत किती चालली?

दर्यापूरकर: काल कापूस ठेवायच्या खोलीत मोठ्या काकांची पेटी उघडली. त्यात क्वीन या विलायती रॉक बँडची 'ग्रेटेस्ट हिट्स'! फीत गुंतली होती, पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळली. एक बाजू वाजली अन् मले रडूच आलं, काका गेले त्याले आता सहा वर्षं होतेत. हा अल्बम तिकडं खरंच एवढा गाजला होता का?

उत्तर १: गाजला म्हणजे काय भाऊ! १९८१ चा अल्बम, ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपलेला. २०१४ मध्ये ६० लाखांच्या पुढे गेला, २०२२ मध्ये ७० लाख. २०१५ पासून स्ट्रीमिंग, म्हणजे नेटवर ऐकलेलंही, खपात मोजतात, तेही त्यात आलं. अन् क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, पहिला बँड तिथंच काढला.

उत्तर २: ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या नंबरावर टिकण्यात गायिका ॲडेलचा '२१' हा अल्बम याच्याहून भारी, २३ आठवडे. पण ते राहू द्या. आधी टेपचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, नाहीतर फीत पुन्हा गुंतंल.

दर्यापूरकर: पाचगणीचं काका कधी बोललेच नाहीत! स्पिरिट आणतो. रात्री लाईन आली की दुसरी बाजू लावतो, काकूलेही बसवतो ऐकाले.