खाफ्रेच्या मंदिरातले वळणारे कोपरे : कुलूप की काटकसर?

भटक्या_गिरणगावकर : इजिप्तमधल्या गिझाच्या स्फिंक्सशेजारचं खाफ्रे या राजाचं मंदिर हा त्याच्या पिरॅमिडच्या, म्हणजे थडग्याच्याच संकुलाचा भाग. आतल्या ग्रॅनाइटच्या भिंतींत कोपऱ्यावर सांधाच नाही; एकच चिरा वळून शेजारच्या भिंतीत शिरतो. उभे सांधे कुठे तिरके, कुठे पायरीसारखे. इ.स.पू. २५५० च्या सुमारास, लोखंडी हत्यारं नसताना, एवढी उठाठेव? भूकंपात भिंत हलू नये म्हणून मुद्दाम घातलेली ही कुलपं आहेत. पेरूत साक्सायवामानच्या किल्ल्यातही हेच दिसतं. ज्ञानाचा उगम एकच असणार!

चिरेबंदी : साफ असहमत. साक्सायवामान इंकांचं, पंधराव्या शतकातलं. मध्ये चार हजार वर्षं गेली, त्यांचं काय करायचं?

शिवाय हे ग्रॅनाइट नुसतं अस्तर आहे. भार पेलणारी भिंत मागे, चुनखडीच्या अजस्र चिऱ्यांची. आणि इथे चिऱ्याचं तोंड आधी नव्हे, भिंतीत बसवल्यावर तासायचे. पुरावा पलीकडेच आहे: मेनकौरे या दुसऱ्या राजाच्या पिरॅमिडचे खालचे ग्रॅनाइटचे थर बहुतेक ओबडधोबडच राहिले, प्रवेशद्वाराभोवतीचा तुकडा तेवढा गुळगुळीत. आता दोन भिंतींची तोंडं अशी मागे तासत नेली की आतला कोपरा आपोआप चिऱ्याच्या अंगात जातो. वळण कोणी वेगळं घडवलेलं नाही.

भटक्या_गिरणगावकर : कोपऱ्याचं पटलं, समजा. तिरक्या सांध्यांचं काय? सरळ चौकोनी चिरे घडवणं सोपं नाही का?

चिरेबंदी : आपल्याला सोपं, कारण आपल्याकडे यंत्रं आहेत. तांब्याची छिन्नी ग्रॅनाइटवर चालत नाही. डोलेराइट या कठीण दगडाचे गोटे आपटून दगड झिजवायचा, नाहीतर वाळू घालून तांब्याच्या पात्याने घासत बसायचं. त्यात दगड दक्षिणेकडच्या अस्वानहून नाईलमार्गे आणलेला, सुमारे ८०० किलोमीटरवरून. प्रत्येक चिरा चौकोनी करायचा म्हणजे कमावलेला दगड भुगा करून फेकायचा. त्यापेक्षा आहे तो उतार ठेवायचा आणि पुढचा चिरा त्याला जुळवून घ्यायचा.

नाईलकाठ : पण चुनखडी तर मऊ, आणि तुरा या गावच्या तिच्या खाणी नदीपलीकडेच. तिथून गिझाला होड्यांनी दगड नेल्याची मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला सापडली. तरी पिरॅमिडच्या चुनखडीच्या आवरणातही तिरके सांधे आहेतच. काटकसरीने सगळं सुटत नाही.

चिरेबंदी : सगळं नाही सुटत, कबूल. पण चिरे जखडायलाच हवे असते तर डमरूच्या आकाराची लाकडी खुंटी दोन चिऱ्यांत ठोकायची युक्ती इजिप्शियनांकडे होतीच. त्यासाठी अख्खी भिंत तिरकी का घडवतील?