बंधित निधी: गावाने काय बांधायचं हे दिल्लीने ठरवावं का?

माजी_सरपंच
पाच वर्षं सरपंच होते. पंधराव्या वित्त आयोगाचे (केंद्राचा पैसा राज्यांत आणि पंचायतींत कसा वाटायचा हे सुचवणारा आयोग) पैसे हाताळलेत, म्हणून विषय काढते. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानातले ६० टक्के 'बंधित', म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचे, ठेवले: निम्मे पाण्याला, निम्मे स्वच्छतेला. उरलेले ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करायचा नाही.

आमच्याकडे नळ घरोघरी आलेला, गटारं झालेली. अंगणवाडीचं छत मात्र गळत होतं. पावसाळ्यात पोरं समाजमंदिरात बसायची. ग्रामसभेने एकमताने ठराव केला की आधी छत. बंधितचे पैसे पडून होते आणि अबंधितचे वस्तीच्या रस्त्यातच संपलेले. छताला आणखी दोन पावसाळे गेले.

केंद्राने हिशेब जरूर मागावा. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशेबाच्या संकेतस्थळावर खर्च दिसतो, डिजिटल सह्यांशिवाय पैसा हलत नाही, हे चांगलंच झालं. पण आधी छत की आधी गटार, हे त्या गावात राहणाऱ्यांनी ठरवायचं.

जुना_लेखापरीक्षक
असहमत, ताई. चौदाव्या आयोगाच्या काळात (२०१५-२०) पैसा थेट ग्रामपंचायतीला आला आणि अशी टक्केवारी नव्हती. मी जी दप्तरं तपासली त्यांत पेव्हर ब्लॉक, प्रवेशद्वाराची कमान, हायमास्ट दिवे पुन्हा पुन्हा दिसले. त्यातल्याच काही गावांत एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन मैलभर जात होत्या.

तुमची ग्रामसभा खरी भरली असेल. अनेक ठिकाणी कोरमअभावी (किमान हजेरी नसल्याने) सभा तहकूब होते, मग तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून चार-सहा माणसांत ठराव होतो. पाणी आणायला गेलेली बाई त्या खोलीत नसते. तिच्या वाट्याचा पैसा कुणीतरी बाजूला काढून ठेवायलाच हवा.

आणि एक. पाण्याची गरज पूर्ण भागली असेल तर तो हिस्सा स्वच्छतेकडे वळवता येतो. उलटही चालतं. पंधराव्या आयोगाच्या नियमांत तशी मुभा आहे.

माजी_सरपंच
दादा, ती मुभा मी वाचली होती. पण पैसा त्या दोन कप्प्यांतच फिरतो. दोन्ही कामं झालेल्या गावाने काय करायचं? झालेलंच गटार पुन्हा उकरायचं? हंड्यांचं तुम्ही म्हणता ते मात्र खोटं नाही. शेजारच्या गावात मी ते पाहिलंय.

कायद्याचा_विद्यार्थी
तुम्ही दोघांनी राज्य सरकारला मोकळं सोडलंत. 'स्थानिक शासन' हा राज्यसूचीतला विषय. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी ११ व्या अनुसूचीत २९ विषय दिले, पण कलम २४३-छ म्हणतं की विधिमंडळ त्यांना अधिकार देऊ 'शकेल'. द्यायलाच हवेत असं नाही. त्या एका शब्दावर तीस वर्षं निघाली. पंचायतींना राज्याच्या पैशातून किती वाटा द्यायचा हे सुचवणारा राज्य वित्त आयोग दर पाच वर्षांनी नेमायचा हे बंधनकारक आहे, तरी कितीतरी राज्यांनी टाळाटाळ केली. शेवटी 'मार्च २०२४ नंतर आयोग नसेल तर अनुदान नाही' अशी अट पंधराव्या आयोगाला घालावी लागली. मला ही अट योग्य वाटते. केंद्राने दबाव राज्यावर आणावा, सरपंचावर नाही.

जिप_माजी_सदस्य
दबाव राज्यावर येतो हेच तर खरं नाही! निवडून आलेली संस्था असेल तरच अनुदान, अशीही पंधराव्या आयोगाची अट आहे. महाराष्ट्रात बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. कलम २४३-ङ सांगतं, मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या. ती गावकऱ्यांनी थोडीच अडवली होती? तरी जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या वाट्याचे प्रत्येकी १० टक्के अडकले ते आमच्याच शाळांचे आणि दवाखान्यांचे. चूक एकाची, उपास दुसऱ्याला.

जुना_लेखापरीक्षक
अट काढली तर प्रशासकाच्या हाती पैसाही जाईल आणि निवडणूक घ्यायची कुणाला घाईच उरणार नाही. ते जास्त धोक्याचं.

जिप_माजी_सदस्य
अट असूनही घाई कुठे झाली? सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार आठवड्यांत निवडणुकीची अधिसूचना काढायला सांगितलं, तेव्हा यंत्रणा हलली. पैसे रोखून तीन वर्षांत जे झालं नाही ते एका आदेशाने सुरू झालं. अनुदान जप्त न करता वेगळ्या खात्यात ठेवा, निवडून आलेली मंडळी बसली की व्याजासकट द्या. राज्याने पंचायतीचा हप्ता कामकाजाच्या दहा दिवसांपेक्षा जास्त अडकवला तर व्याज द्यावं लागतं, हा पंधराव्या आयोगाचा नियम आहेच. तोच इथे लावा.

कायद्याचा_विद्यार्थी
वेगळ्या खात्याची कल्पना पटली. ही सूचना लेखी पाठवायला हवी.

माजी_सरपंच
माझंही मागणं मग नीट शब्दांत मांडते. बंधित टक्केवारी राहू द्या, हंड्यांसाठी ती हवी. पण पाणी आणि स्वच्छता दोन्ही झाल्याचं ग्रामसभेने ठरावाने सांगितलं आणि तालुक्याच्या अभियंत्याने प्रत्यक्ष येऊन पाहिलं, की उरलेला पैसा अबंधित व्हावा. दादा, दप्तर तपासणारे म्हणून सांगा, यात पळवाट कुठे दिसते?

जुना_लेखापरीक्षक
अभियंत्याच्या दाखल्यात. गावात न येता सही होते. पाहणीची तारीख दवंडी देऊन आधी कळवा आणि पाहणी उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्येच करा. एवढं घातलंत तर मी तुमच्या बाजूने.